चाकं टेकल्यावर

विमानाची चाकं त्या कॅरिबियन बेटाच्या धावपट्टीला टेकली आणि मागच्या रांगांतून टाळ्यांचा कडकडाट झाला. वाजवणारे सगळे बेटावरचेच होते. आम्ही सुट्टीवर आलेले पाहुणे एकमेकांकडे बघत राहिलो. ह्यांनी हळूच विचारलं, "अगं, विमान उतरवणं पायलटचं कामच ना? त्यात टाळ्या कसल्या?"

शेजारच्या आजीबाईंना मी तेच विचारलं. लंडनला लेकीकडे राहून त्या घरी परतत होत्या. खिडकीबाहेर बोट दाखवत म्हणाल्या, "मागच्या वादळात या विमानतळाचं छप्पर समुद्रात गेलं होतं, बाई. बघा, नवं घातलंय. बेट जागेवर आहे, आम्हीही आहोत. मग वाजवायच्या नाहीत?"

घरी परतणं मी आजवर किती फुकट घालवलं! चाकं टेकली की मोबाईल सुरू करायचा आणि बॅगेसाठी उठायचं, एवढंच.

पंधरा दिवसांनी पुण्याला उतरलो. माणसं बॅगांसाठी धडपडायला लागली. मी बसल्या जागी जोरजोरात टाळ्या वाजवल्या. लोक वळून बघू लागले. आता हे लाजून तोंड फिरवणार, असं मला वाटलं. पण ह्यांनी मांडीवरची पिशवी खाली ठेवली आणि माझ्याहूनही जोरात टाळ्या वाजवल्या.