जांभळे व्हायचे राहिलेले जंतू

आमच्या लॅबमध्ये जंतूंबद्दल माझ्याइतकं कोणालाच कळत नाही. म्हणजे मेल्यावर ते काचेला किती चिकटतात, एवढंच! नववीत दोनदा बसलो, तिसऱ्यांदा उठलो, तेव्हापासून इथे काचसामान धुतोय. किश्शांचं आमच्या सिंकसारखं आहे. एक धुवून ठेवावा, तर चार येऊन पडतात.

*

एकदा आमच्या लॅबच्या प्रमुख मॅडमनी समजावलं. रोगाचा जंतू एकटा असला की गप्प असतो, नुसतं एक रसायन सोडत राहतो. गर्दी वाढली की रसायन साठतं, त्यावरून सगळ्यांना कळतं की आता आपण पुरेसे आहोत. मग मिळून हल्ला.

मी म्हटलं, "म्हणजे आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीची मीटिंग. कोरम भरेपर्यंत चहा, भरला की चेअरमनवर हल्ला!"

"जंतू चहा मागत नाहीत," मॅडम म्हणाल्या.

*

जंतू वाढवायच्या उबदार कपाटावर मी पाटी लावली : 'आत बोलणी चालू आहेत. दार वाजवून उघडावे.' तपासणीला आलेले दिल्लीचे साहेब नुकतेच मराठी शिकत होते. त्यांनी पाटी वाचली, दार वाजवलं आणि उत्तराची वाटही बघितली!

तेव्हापासून काहीही बिघडलं की आधी माझ्याकडे बघतात. वीज गेली तरी.

*

मग मधुराचं झालं. ही आमची पीएचडीची मुलगी, तीन वर्षं एका झाडपाल्याचा रस काढतेय. तिचे जंतू गर्दी झाली की जांभळे होतात. रसानं त्यांची बोलणी तोडली तर पांढरे राहतात. शेवटचा प्रयोग, थिसिस त्यावर अडलेला. सकाळी बघते तर पांढरेशुभ्र. पोरगी कसब्यात जाऊन पेढे घेऊन आली.

मॅडमनी पेढा हातात धरला, खाल्ला नाही. "रस न घातलेली प्लेट दाखव."

तीही पांढरी. म्हणजे जंतू गप्प होते, पण रसामुळे नाही.

पेढ्यांचा बॉक्स बंद झाला आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मधुरा हळूच म्हणाली, "काका, प्लेटा बदलल्या असतील तर आत्ता सांगा. मी रागावणार नाही."

मी शपथ घ्यायला गेलो, पण कोणाची घेणार? सगळ्यांच्या थट्टेत वापरून झाल्या होत्या.

*

दुपारी त्या प्रयोगाची बाटली धुवायला आली. तोंडाशी, आतून, पिवळा डाग. मग आठवलं. खंडेनवमीला लॅबमधल्या यंत्रांची पूजा मीच केली होती. जंतूंच्या खाद्याची ही बाटली निर्जंतुक करायला वाफेवर जायची होती, झाकण काढून टेबलावर ठेवलेली. म्हटलं, हिनं काय पाप केलंय? कुंकू संपलं होतं, म्हणून नुसती हळद लावली, जरा सढळ हातानं, थोडी आत सांडली. खाद्य मुळातच पिवळसर, कोणाला कळणार?

हात नळापर्यंत गेला होता. एक धार सोडली असती की संपलं. मग मधुराचा चेहरा आठवला आणि बाटली तशीच मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली, हळदीचं सगळं सांगून टाकलं.

नवी बाटली, नव्या प्लेटा. मला लॅबच्या दाराबाहेर स्टूल. तिसऱ्या दिवशी निकाल आला : बिनरसाची जांभळी, रसाची पांढरी. मधुरानं प्लेट तीनदा उलटीसुलटी केली, दोनदा माझ्याकडे बघितलं, मग परत पेढे आणले. मला सगळ्यात शेवटी.

मी म्हटलं, "मॅडम, हळदीनंही जंतू गप्प झालेच की. शोध माझा. पेपरात नाव घालणार ना?"

मॅडमनी या वेळी पेढा खाल्ला, रुमालानं हात पुसले.

"हळदीनं जंतू गप्प झाले, कबूल. तुमच्यासाठी किती लागेल?"