पोरगी शाळेत का येत नाही

"वस्तीतल्या बायांनी खाली बसा. खुर्च्या पालकांसाठी आहेत."

शिपाई सगळ्यांसमोर म्हणाला. म्हणजे आम्ही पालक नव्हतो.

पालकसभा होती. एकलहऱ्याच्या अलीकडचं आमचं गाव, शाळा गावातलीच. आमच्या बौद्ध वस्तीतल्या आठवी-नववीच्या पोरी शाळा बुडवतात म्हणून आईबापांना बोलावलेलं. मी कामावर खाडा करून गेले. फरशीवर बसले.

संस्थेचे चेअरमन उठले. मोठे बागायतदार. माझा नवरा त्यांच्याच द्राक्षमळ्यात कामाला.

"ह्या लोकांना शिक्षणाची किंमत नाही. पोरगी नववीत गेली की खुरपायला धाडतात. दोष शाळेचा नाही, आईबापांचा आहे."

खुर्च्यांवरच्या माना हलल्या. हेडमास्तर हसले.

माझी पोर पोट दुखतंय म्हणून घरी राहायची. त्याच सकाळी रडत खरं बोलली. प्रार्थनेच्या वेळी वर्गाच्या बाई वस्तीतल्या पोरींना संडास धुवायला लावत. फक्त वस्तीतल्या. त्या वर्गात आल्या की बाकीच्या पोरी नाकाला रुमाल लावत.

मी उठले.

"माझी पोरगी खुरपायला जात नाय. तुम्ही तिच्याकडून संडास धुऊन घेता, म्हणून ती येत नाय."

हेडमास्तर म्हणाले, "श्रमदान आहे ते. संस्कार."

"मग चेअरमनसाहेबांची नात त्याच वर्गात हाय. तिला कधी दिला हा संस्कार?"

चेअरमन ओरडले, "ए बाई, खाली बस! नवऱ्याला काम नको का?"

"बसत नाय."

दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन मीच गेले. बाईंनी बादली पुढं केली. मी म्हणाले, "ती प्रार्थनेला उभी राहणार." पोर रांगेत जाऊन उभी राहिली. माझ्या मागं वस्तीतल्या आणखी दोघी आया आपापल्या पोरी घेऊन आल्या होत्या. बादली तिथंच राहिली.

दुपारी नवऱ्याला मळ्यातून काढलं. घरी येऊन तो म्हणाला, "कशाला तोंड उघडलंस? आता खायचं काय?"

भीती होती, चूल होती, पोटं होती.

पण त्याला एवढं सांगितलं, "दुसरा मळा शोध. मी बी कुठं बी राबंन. पोरगी उद्या शाळेत जाणार. दहावी ह्याच शाळेतून होणार, ह्यांच्या डोळ्यांदेखत."