फाटकाबाहेर ताईची गाडी

चढाचा अर्धा रस्ता चालून झाला तरी ताईंनी तो मोडका दांडा माझ्या हाती दिला नव्हता. गाडीचं मागचं चाक फिरवणारा हातभर लोखंडी दांडा, मध्येच पिळवटून तुटलेला. गाडी खाली वळणावर उभी. ऊन डोक्यावर, माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला, आणि ताई बक्षीस मिळाल्यासारख्या पुढे.

"टाका ना ते तिथेच," मी म्हटलं.

"टाकू कशाला? साक्षीदार आहे हा. इंजिनात जोर किती ते बघ, लोखंडाला पीळ पाडला!"

ताई म्हणजे माझी थोरली नणंद. कपड्यांच्या कारखान्यात तीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त केली. लग्नाचं कुणी विचारलं तर "सवडच झाली नाही" म्हणायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी वडिलांची जुनी गाडी अंगणात खोलली आणि अपघातात चेपलेल्या एका व्हॅनचं दांडगं इंजिन तिच्यात बसवलं. मागचा अ‍ॅक्सल मात्र जुनाच ठेवला, मागची दोन्ही चाकं जोडणारा आणि आत हा दांडा असलेला. त्याला हा जोर सोसणार नव्हता, हे पहिल्याच चढावर कळलं.

टेम्पोला बांधून गाडी घरी आणली, तेव्हा आमचे हे फाटकातच उभे होते. गाडीच्या जागेवर यांना खोली बांधायची होती.

"ताई, बास आता. रविवारी भंगारवाला येतोय. तोवर ही आपल्या चाकांवर फाटकाबाहेर गेली तर ठेव. नाहीतर तो नेईल."

"शब्द फिरवणार नाहीस ना, बाळ्या?"

"नाही. पण तुला एकटीला जमणार थोडंच? शेवटी कुणातरी मिस्त्रीचेच पाय धरशील."

 दुसऱ्या दिवशी ताई त्याच व्हॅनचा मागचा अ‍ॅक्सल घेऊन आल्या. रुंदी जमली, पण स्प्रिंगच्या पाट्या टेकतात त्या बैठका जुळेनात. साडीवर जुना शर्ट चढवून त्यांनी त्या बैठका कापल्या आणि नव्या जागी वेल्डिंगने जोडल्या. मी मागतील तो पाना द्यायची आणि मनात देवाचं नाव घ्यायची. माझे ओठ हललेले त्यांना दिसायचे.

"त्याला सांग, नट तेवढे घट्ट बसू दे. बाकीचं मी बघते."

शेवटचा नट रविवारी सकाळी बसला. भंगारवाला दोरखंड घेऊन फाटकात हजर. शेजारी भिंतीवर कोपरं टेकून उभे. ताईंनी इंजिन चालू केलं, पहिला गिअर टाकला, आणि गाडी मागे जाऊन पाण्याच्या पिंपावर आदळली.

"ताई, फाटक पुढे आहे!" हे ओरडले. सगळे खो खो हसले.

दुसरा गिअर. गाडी पुन्हा मागेच. पिंप आडवं झालं, अंगणभर पाणी. हे शेजाऱ्यांना सांगू लागले, "कुणातरी मिस्त्रीने फसवलं हिला." मी डोळे मिटून म्हटलं, देवा, एवढं एक.

डोळे उघडले तर ताईंचा हात रिव्हर्सच्या खाचेत होता. गाडी गुरगुरली आणि मुंगीच्या पावलांनी पुढे निघाली. भंगारवाल्याने आपला दोरखंड उचलून वाट दिली. गाडी फाटकाबाहेर गेली.

"अगं, रिव्हर्समध्ये?" यांचा आवाज चिरकला.

"शब्द बाहेर जाण्याचा होता," ताई खिडकीतून म्हणाल्या. "गिअर कुठला, ते तू बोलला नव्हतास."

कोपऱ्यावर गाडी थांबलेली दिसली तशी मी धावत गेले. ताई स्टीअरिंगवर हात ठेवून बसल्या होत्या.

"उताणा जोडला गं मी. पूर्ण अ‍ॅक्सल उताणा. म्हणून चाकं उलटी फिरली. तेल सोडायचं भोक वर आलेलं दिसत होतं, तरी डोक्यात उजेड पडला नाही. आता चार गिअर मागे आणि एक पुढे."

"मग आता?"

"आता परत खोलायचं. तू एक कर. घरी जा, आणि सगळे पांगायच्या आत बाळ्याला त्यांच्यासमोर सांग. मिस्त्रीबिस्त्री कुणी नव्हता. उलटं लावलं ते मीच लावलं. आणि येताना त्या बैठका कापायला ग्राइंडर घेऊन ये."