प्रार्थनेतलं मौन

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वडिलांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदला, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी वर्ध्याच्या एका दैनिकात होतो. बसनं पवनारला पोचेपर्यंत दिवस मावळायला यायचा. बाकी सगळं आईवर होतं. शेजाऱ्यांना ती हात लावू देत नसे. "त्याईले लाज वाटते," म्हणायची. चौथ्या महिन्यात ती स्टोव्हपुढे बसल्याबसल्या पेंगू लागली. एकदा पदर पेटता पेटता राहिला.

वडील गावच्या सामुदायिक प्रार्थनेत वीस वर्षं खंजिरी वाजवत. आता ते जाऊ शकत नव्हते, म्हणून मंडळानं प्रार्थनाच आमच्या अंगणात आणली. रोज दिवेलागणीला पंधराएक माणसं सतरंज्या घेऊन येत. छपरीतल्या खाटेवरून वडील ऐकत. प्रार्थनेला आई नको म्हणू शकली नाही. पण प्रार्थना संपली की ती सगळ्यांसाठी चहा ठेवायची. मंडळाचे प्रमुख कोपऱ्यावरचे किराणा दुकानदार. मी त्यांना गाठून येणं थांबवायला सांगितलं.

"काऊन? आमच्या आवाजाचा तरास होते का तुह्या बापाले?"

"आईला चहा करावा लागतो, काका."

"त आमी काय चहासाठी येऊन राह्यलो? साखर त नावालेच असते त्यात." ते हसले नाहीत. "वहिनी आयकते का कोणाचं? पाहू."

प्रार्थनेत मध्ये मौन असतं. डोळे मिटून ताठ बसायचं, दोनेक मिनिटं. मग काका पुढची ओळ धरत. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती धरलीच नाही. मी डोळे उघडले. आई भिंतीला टेकून झोपली होती. बाकीचे डोळे मिटून बसलेले. डास चावत होते, कुणी हलत नव्हतं. थोड्या वेळानं काका आणि शेजारचा एक शेतकरी उठले, खाटेपाशी गेले आणि वडिलांची कूस बदलली. वडिलांनी डोळे मिटून घेतले. लाजेनं की प्रार्थनेसाठी, मला कळलं नाही.

पाऊण तासानं आई दचकून जागी झाली. "चहा ठेवतो," म्हणाली.

"प्रार्थना व्हायची हाये अजून, वहिनी," काका म्हणाले आणि त्यांनी पुढची ओळ धरली.

मौन मग रोजच लांबू लागलं. आईच्या ते लक्षात आलं असावं. तिनं कधी विचारलं नाही. वडील त्यानंतर दोन वर्षं जगले. माझा प्रार्थनेवर विश्वास नव्हता, आजही नाही. त्यांच्या पाठीला जखम झाली नाही.