एनेलेसीच्या घरावरचे पत्रे

खासदार न्यालापा आमच्या गावात यायचा, तेव्हा एनेलेसीचा आवाज पुढे आणि त्याची गाडी मागे. त्याचं तोंड छापलेलं कापड कमरेला गुंडाळून ती बायकांच्या पुढे नाचायची, उभ्या उभ्या गाणी रचायची. न्यालापा म्हणजे पाऊस, न्यालापा म्हणजे मक्याचं कोठार! नवरा खाणीत कामाला म्हणून जोहान्सबर्गला गेला तो गेलाच. गावात तिला मान होता तो या गळ्यामुळे.

वादळात शाळेचं छप्पर उडालं. पुढे निवडणुकीच्या तोंडावर न्यालापानं एनेलेसीच्या गवती घरावर नवेकोरे पत्रे घालून दिले. मी शेजारीण, पत्रे चढवायला मीही हात लावला.

मग रेडिओवर बातमी आली. वादळात पडलेल्या शाळांसाठी सरकारनं पाठवलेले पत्रे न्यालापानं परस्पर लाटले, असा आरोप होता, आणि चौकशी लागली होती. आमची पोरं अजून आंब्याखालीच शिकत होती. सगळ्यांच्या नजरा एनेलेसीच्या घराकडे वळल्या.

पाण्याच्या पंपावर गावातल्याच लिनेसीनं तोंड उघडलंच. "काय गं, रात्री तुझ्या छपरातून पाढे ऐकू येतात म्हणे?"

बायका फिदीफिदी हसल्या.

"दिले ते घेतले," एनेलेसी म्हणाली. "खासदाराकडे पावती मागू?"

पण किडा तिच्याही डोक्यात शिरला होता. भेटीची एक कोंबडी काखोटीला मारून ती मला घेऊन शहरात न्यालापाच्या बंगल्यावर गेली. तो ओसरीवर न्सिमा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, खात बसला होता.

"विरोधकांनी सोडलेली पुडी आहे, मायबाई," तो हसला. "तुझे पत्रे माझ्या खिशातून आणलेत."

"मग चौकशीवाले आले की तसंच सांगते."

त्याचा घास हातातच राहिला. "तू गाणारी बाई. गात राहा. बोलायचं आम्ही बघू."

फाटकाशी त्याच्या ड्रायव्हरनं तिच्या हातात पैशांचं पाकीट कोंबलं. "साहेबांनी साखरेला दिलेत."

तिनं ते गाडीच्या टपावर ठेवलं आणि चालू पडली. वाटेत म्हणाली, "पत्रे खिशातले असते, तर साखर कशाला दिली असती गं?"

दुसऱ्या दिवशी तिनं पत्रे उतरवले आणि बैलगाडीत घालून शाळेत नेले. हेडमास्तर घाबरला. "अहो, चोरीचा माल म्हणून मलाच धरतील!"

"आणि पोरं भिजतात, त्याबद्दल कोण कुणाला धरतंय?"

शेवटी गावप्रमुखानं हो म्हटलं, आणि पहिलीचा वर्ग झाकला गेला.

चौकशीवाले आले. पत्रे, कोंबडी, पाकीट, सगळं तिनं सांगितलं. खटला राजधानीत, लिलाँग्वेत, पडून आहे, तारखांवर तारखा. न्यालापा जामिनावर सभा घेत फिरतो आणि सांगतो की एनेलेसीला विरोधकांनी फोडली.

तुम्हाला वाटेल, निदान गाव तरी तिच्या बाजूनं असेल. अर्धं आहे. उरलेल्या अर्ध्यांचं म्हणणं लिनेसी पंपावर मांडते : "फुकटात कोण घर उघडं करतं? आत काहीतरी आलेलंच असणार."

एनेलेसीच्या घरावर पुन्हा गवत आहे. ती आता लग्नातसुद्धा गात नाही. परवा मी तिच्याकडे भेंडीचं कालवण घेऊन गेले. तिनं वाडग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कुणी पाठवलं?" तिनं विचारलं.