साठ मीटर दावणीचे खुंटे

लाल पेन पेपरवर टेकवला आणि तसाच राहिला. पाचव्या प्रश्नाला लेकरानं उत्तर लिहिलं होतं तेरा. माझ्या हातातली उत्तरतालिका म्हणत होती बारा. फुली मारणार, तेवढ्यात बोटांवर मोजलं. परत मोजलं. बरोबर तेराच होतं की!

प्रश्न असा होता: चारा छावणीत साठ मीटर लांब दावण आहे. दोन्ही टोकांना आणि मध्ये दर पाच मीटरवर खुंटा आहे. एकूण खुंटे किती? दुष्काळाचं वर्ष, छावणी दूध सोसायटीची, आणि चौथीची ही गणित स्पर्धाही सोसायटीनंच वडवणीत भरवलेली. म्हणून प्रश्नही तसलेच.

तपासायची पद्धत सांगते. पेपरवर नाव नसतं, नुसता कोड नंबर. आपल्या शाळेचा गठ्ठा आपल्याला देत नाहीत. पंचवीस प्रश्न, उत्तर तालिकेशी जुळलं की दोन मार्क, नाही तर शून्य. सगळं झाल्यावर कोड फोडायचे.

आता माझी अडचण ऐका. माझ्या वर्गातली वनिता पेपर देऊन आली, तेव्हा चिवडा खाता खाता मी तिला एकेक उत्तर विचारलं होतं. पाचव्याला ती म्हणाली बारा. मीच म्हणलं, "शाब्बास!" बाकीची चोवीस बिनचूक. म्हणजे तालिकेप्रमाणे ती पंचवीसपैकी पंचवीस. आणि हा तेरावाला पेपर? त्याचीही बाकीची चोवीस बरोबर.

पहिल्या नंबरालाच सोसायटी बीडला वसतिगृहात ठेवून शिकवणार होती. वनिताचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, ती आज्याबरोबर छावणीत. रविवारी टोळीची गाडी तिला न्यायला येणार होती, धाकट्या भावाला सांभाळायला.

तालिका काढलेली देशमाने सरांनी. तेच प्रमुख. मी पेपर घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले.

"सर, पाचव्याचं उत्तर चुकलंय. तालिकेतलं."

सर हसले. "बाई, साठ भागिले पाच. चौथीचं लेकरू बी सांगंल."

"चौथीच्याच लेकरानं तेरा सांगितलंय. तुमी दहा मीटरचीच दावण काढून बघा."

त्यांनी कागदावर रेघ ओढली. टोकाला एक खुंटा, पाचवर एक, दहावर एक. हसू गेलं. उठून दार लोटलं.

"बाहेर चेअरमन हार घेऊन बसलेत. आता समदे पेपर परत काढायचे? तुमच्या पोरीनं काय लिहिलंय?"

"बारा."

"मग कशाला उकरता, बाई? गप बसा की. कुणाला कळणार हाय?"

मी खुर्चीत बसले. तांब्याभर पाणी प्याले. सोडून द्यावं असंच वाटलं, खोटं कशाला सांगू? माझ्यापुढं गाडीत बसलेली वनिता दिसत होती. मग हातातला पेपर दिसला.

"सर, ह्या लेकराचं इथं कोण हाय बोलायला?"

सरांनी कपाळावर हात मारला. "लई अवघड बाई हाय तुमी. काढा गठ्ठे."

तासभर फुल्यांच्या खुणा केल्या आणि खुणांच्या फुल्या. कोड फोडले. पहिला आला एका वस्तीशाळेचा मुलगा. वनिता दुसरी. तिला प्रमाणपत्र आणि कंपासपेटी.

एसटीची वाट बघताना मी तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "बाई, मला बी तेराच वाटलंतं. आमच्या दावणीला शेवटाला बी खुंटा हाय. पण तुमीच म्हणलता, 'दर' आला की भागाकार."

म्हणलं होतं मी. वर्षभर घोकून घेतलं होतं.

रविवारी ती गाडीत बसली. मी सोसायटीत जाऊन दुसऱ्या नंबरासाठी विनवलं. ठराव एकाचाच हाय, म्हणाले. उन्हाळ्यात ती परतली, तोवर शाळेची वार्षिक परीक्षा उरकली होती. पुन्हा चौथीतच बसली.

पुढच्या वर्षापासून उत्तरतालिका दोघांनी वेगवेगळी सोडवून जुळवायची, असा नियम झाला. मी वर्गात आधी चित्र काढायला लावू लागले, भागाकार नंतर. एवढं आधीच करायला आम्हा दोघा शिक्षकांना मिळून वीस मिनिटं लागली असती. वनिताचं वर्ष गेलं.