सोनाळ्याचा कडा

आमच्या ह्यांना देवानं बसायला अंग दिलं, पण बसून राहायची बुद्धी द्यायला तो विसरला. चहा उभ्यानं, जेवण एक गुडघा वर करून, आणि पेपर घरभर फिरत वाचायचा. एकदा खामगावला सिनेमाला गेलो, तर मध्यंतरात पाय मोकळे करायला म्हणून बाहेर पडलेला हा माणूस थेट घरी पोचला. मी दोघांचे शेंगदाणे घेऊन शेवटपर्यंत बसले. नाव मात्र शालिग्राम. देव्हाऱ्यात ठेवला की जागचा हलत नाही तो शालिग्राम, आणि हे असे. नाव ठेवणाऱ्या आत्याबाईंचा अंदाज साफ चुकला.

नोकऱ्यांचंही तेच. लग्नाच्या वेळी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करत होते, मग सूतगिरणीत वायरमन झाले, मग दूध डेअरीत शीतयंत्रावर लागले. शेवटी बुलढाण्याला एका कॉलेजात कॉम्प्युटरच्या खोलीत सहायक म्हणून चिकटले. मी तिथल्याच शाळेत शिक्षिका होते, म्हणून आमची चूल तरी एका जागी राहिली.

ह्याच चुळबुळीनं माझं माहेर तुटलं. सोनाळ्याला माझ्या थोरल्या भावाच्या, मोतीभाऊच्या मुलाचं जावळ होतं. पंगत बसली होती. हे वाढपाच्या आधीच दोनदा उठले नि बसले, तेव्हा मोतीभाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "जवायाले एका जागी बसवाचं असन तं दाव्यानं बांधा लागते." पंगत हसली. हे भरल्या ताटावरून उठले, चपला घातल्या आणि चालू लागले. सोनाळ्याची पायरी पुन्हा चढणार नाही, हे वाक्य त्यांनी वरवट बकालला, म्हणजे आमच्या गावी पोचेपर्यंत मला किती वेळा ऐकवलं असेल, देव जाणे.

तेव्हापासून अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मला माहेरी न्यायला मोतीभाऊ आला नाही. जवायानं भरलं ताट लाथाडलं, आता मीच काऊन जाऊ, असं तो म्हणतो हे कानावर यायचं. मला एकटीला जायला कोणी अडवलं नव्हतं. पण नवऱ्याशिवाय गेले असते तर गावानं विचारलं असतं, आणि आईला खोटं सांगावं लागलं असतं. शिवाय मलाही राग होता, दोघांचाही. अशी चार वर्षं गेली.

त्या वर्षी उन्हाळ्यात सोनाळ्याचे एक गृहस्थ कोर्टाच्या कामाला बुलढाण्याला आले आणि निरोप देऊन गेले. माझ्या आईच्या, तानुबाईच्या डोळ्यात काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. आईनं एवढंच सांगितलं होतं, की कोकिळेचं, म्हणजे माझं, तोंड दिसते तवर दाखवा. मी ते ह्यांना जसंच्या तसं सांगितलं. हे उठून बाहेर गेले. अखजी पंधरवड्यावर आली होती.

ह्यांच्या डोक्यात त्या वेळी दुसरंच चाललं होतं. कॉलेजात नवं वर्कस्टेशन आलं होतं. साध्या कॉम्प्युटरपेक्षा कैक पट ताकदीचं, असं ते सांगत. मला दिसला तो फक्त त्याचा दांडगा पडदा. त्यावर एक प्रोग्राम बसवायचा होता. नकाशातल्या उंचीच्या रेघा त्याला दिल्या, की तो त्यातून डोंगरदऱ्या उभ्या करतो आणि विमानात बसल्यासारखं त्यांच्यावरून उडवून आणतो. तिथल्या मुख्य सरांना आधी लोणारचं विवर करायचं होतं, पण सातपुड्यातून उतरणाऱ्या नाल्यांचं काम कॉलेजकडे आलं होतं, तेव्हा वरवट-सोनाळ्याचा आमचाच संग्रामपूर तालुका घ्यायचा ठरला. अखजीच्या आदल्या दिवशी बाहेरचे पाहुणे तो बघायला येणार होते.

प्रोग्राम कॅसेटसारख्या टेपवर आला होता. टेप वाचता वाचता वीज जायची, की पुन्हा पहिल्यापासून. एकदा सगळं बसलं, तर मशीन परवान्याचा आकडा मागू लागलं, आणि तो आकडा मुंबईहून फोनवर मिळवायला ह्यांनी एसटीडी बूथवर ठाण मांडलं. म्हणजे बूथभोवती फेऱ्या मारल्या. मग नकाशे टेबलावर पसरून एकेक रेघ गिरवायची आणि तिची उंची मशीनला सांगायची. घरी आले तरी बोटं हवेत रेघा ओढत असायची. मी अखजीचं नाव काढलं की पाणी प्यायला उठायचे. मला वाटायचं, ह्या माणसाला धरून हलवावं आणि विचारावं, की माझ्या आईचे डोळे तुमच्या मशीनपेक्षा हलके आहेत का.

एक दिवस डबा विसरून गेले. शाळेला सुटी होती, म्हणून मी घेऊन गेले. खोलीच्या दारात चपला काढून ठेवायची रीत होती. आत धूळ चालत नसे. एसीचा गारठा होता, मी पदर अंगाभोवती घेतला. हे एकटेच होते. मला बघून लहान पोरासारखे खूश झाले आणि म्हणाले, "ये, तुले वरवटवरून उडवतो."

पडद्यावर हिरव्या रेघांची जाळी होती, पसरलेल्या मच्छरदाणीसारखी. माऊस सरकवला की मशीन विचार करायचं आणि चित्र एक धक्का खाऊन पुढं जायचं. हे बोटानं दाखवत होते: हे वरवट, हा नाला, हा रस्ता. तो सोनाळ्याच्या दिशेनं निघालेला रस्ता होता. मी पुढं वाकून बघत होते. आणि अर्ध्या वाटेत समोर कडा उभा राहिला. सरळसोट, पडदाभर उंच. आमचं विमान त्यात घुसलं आणि सगळं काळं झालं.

"सोनाळा कुठी हाय?" मी विचारलं.

"त्या कड्याच्या वर आलं," हे वैतागून म्हणाले. "कायतरी चुकून राह्यलं. सातपुडा तं अजून मागं हाय. इथं सपाट रान पाह्यजे."

"चुकलं नाही," मी म्हटलं. "बरोबर हाय ते. मले चार वर्सापासून असंच दिसते."

माझा आवाज चढला नव्हता. डबा टेबलावर ठेवला आणि निघाले. दारात चपला घालताना मागं पाहिलं, तर हे खुर्चीतून उठले नव्हते. रस्त्यात उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी येत होती, आणि मी रडत होते, हे एक ओळखीच्या बाई थांबून विचारू लागल्या तेव्हा माझ्या लक्षात आलं.

संध्याकाळी आले ते डबा तसाच घेऊन. दारातच सांगू लागले. दोन नकाशे जोडले होते. वरवटचा नवा, त्यात उंची मीटरमध्ये. सोनाळ्याचा नवा मिळाला नव्हता म्हणून जुना घेतला, त्यात फुटांमध्ये. ह्यांनी फुटांचे आकडे मीटर म्हणूनच भरले, आणि सगळं सोनाळा तिपटीहून जास्त उंच गेलं. नकाशाच्या काठावर स्पष्ट छापलेलं होतं.

"मंग वाचलं काऊन नाही?" मी विचारलं.

"वाचाले दम कुठी हाय मले," ते म्हणाले. मग डबा माझ्या हातात देत म्हणाले, "मोतीराम खोटं नव्हता बोलला."

एवढं कबूल करायला ह्या माणसाला कडा लागला. पण जाऊ, असं काही ते म्हणाले नाहीत, आणि मीही तोंडानं मागायचं नाही असं ठरवलं होतं. पुढचे दिवस पुन्हा त्याच धावपळीत गेले. सगळे आकडे नव्यानं भरायचे होते. रोज सकाळी मी बॅग काढायची, आणि रोज ती परत खाटेखाली सरकवायची.

पाहुण्यांच्या दिवशी दुपारीच हे घरी हजर. उड्डाण झकास झालं होतं. उशिरा आलेल्यांसाठी सर पुन्हा एकदा दाखवा म्हणत होते, तर ह्यांनी माऊस त्यांच्याच हातात दिला आणि निघून आले. बॅग खाटेखालून ओढली आणि स्वतः भरायला बसले. भरलं काय, तर माझे दोन परकर, त्यांचा दाढीचा साबण आणि शाळेची हजेरीची पेन्सिल. मी सगळं उपसून साड्या ठेवल्या.

खामगावहून बस बदलली. जागा असून हे दाराशी उभे. वरवट गेलं तसे खिडक्यांमधून वाकून बाहेर बघू लागले, कडा खरंच नाही ना, ह्याची खात्री करत असावेत. रस्ता तळहातासारखा सपाट होता.

मोतीभाऊ ओट्यावर होता. या म्हणाला, पाणी दिलं आणि गोठ्याकडं निघून गेला. आई आत झोपली होती. तिला उठवलं नाही. दुसऱ्या दिवशी अखजीचं जेवण. मोतीभाऊनं स्वतः पाट मांडला. हे बसले. दोन्ही मांड्या जमिनीला टेकवून, डोळे ताटात. पुरणपोळी आली, आमरस आला, कुरडई आली. गुडघा वर झाला नाही.

मी आईजवळ आतल्या खोलीत होते. तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरून स्वतःच्या नाकापर्यंत आणलं आणि कितीतरी वेळ बघितलं. कपाळ बघितलं, हनुवटी बघितली. "दिसली वो माय," म्हणाली. मग मला सोडून दाराकडं वळली. तेवढ्या लांबचं तिला आता दिसत नव्हतं.

"पंगत उठली का?"

"हाव, उठली."

"अन् जवाई?"

मी बाहेर पाहिलं. पाट सगळे रिकामे होते. हे तेवढे रिकाम्या ताटाशी बसून होते, उष्टा हात वाळून गेलेला. समोर मोतीभाऊ पाण्याचा तांब्या धरून उभा होता आणि हळू आवाजात म्हणत होता, "भाऊजी, उठा आता."

"बसले हायत," मी आईला सांगितलं.